पंचमीचा डबा

बेळगावजवळ मच्छेच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथं माझं काम दुसऱ्यांच्या चुका काढायचं आहे. लेथवरून उतरलेला नग माझ्या टेबलावर येतो. मी तो मापतो, उजेडाला धरतो आणि केसभर फरक दिसला तरी लाल खडूनं फुली मारून बाजूला ठेवतो. वीस वर्षं हेच केल्यावर ती खोड कारखान्याच्या फाटकाशी उतरवून ठेवता येत नाही. पिरनवाडीत घरी आलो तरी भाकरी एका अंगाला जाड झालेली मला आधी दिसते, भूक नंतर लागते. बायको म्हणते, "देवानं तुमच्या डोळ्याला दुसरं काय कामच दिलं न्हाय काय वो?" मी ते हसण्यावारी नेतो. पण याच खोडीपायी माझी एकुलती एक बहीण मला तुटायच्या बेतात आली होती, आणि ते काही हसण्यावारी नेता येईना.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. निपाणीला दिलेली. घरी बसून विड्या वळते, आणि तिची सासू तीन वर्षांपासून खाटेवर आहे. तिचं सगळं, म्हणजे अगदी सगळं, आक्काच करते. आमची आई माघ महिन्यात गेली. त्याआधी दोन महिने ती अंथरुणावर होती आणि ते दोन महिने मी आणि माझ्या बायकोनं आळीपाळीनं काढले. आक्का मध्ये चार दिवस येऊन गेली. त्याहून जास्त तिला येता येण्यासारखं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

बाराव्याच्या दिवशी जेवणं उरकली होती. अंगणात भाऊबंद पान खात बसले होते. आक्का आतून हात पुसत आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "शेवटाला आई काय बोलली काय रं?"

विचारण्यासारखंच विचारलं होतं तिनं. कोणतीही लेक विचारील. पण मला उत्तर ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा मी पिरनवाडीच्या नाक्यावर औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो. दोन महिने उशाशी बसलेला मी, नेमका त्या अर्ध्या तासाला नव्हतो. बायकोही मागं धुण्यात होती. तिच्याखेरीज ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती आणि कुणी विचारू नये म्हणून जीव मुठीत धरून होतो. तिनं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. चारचौघांत, भावकीच्या देखत मी म्हणालो, "पावण्यागत चार दिवस येऊन जाणाऱ्यानी हे इचारू नये."

आक्कानं माझ्याकडं क्षणभर बघितलं, आत गेली, राहिलेली भांडी घासली, ओलं फडकं दोरीवर वाळत घातलं आणि पिशवी उचलून चारच्या बसनं निघून गेली. जाताना मला "येतो" म्हणाली नाही.

त्यानंतर तिचा फोन यायचा, पण माझ्या बायकोच्या मोबाइलवर, आणि तोही बरोबर मी ड्युटीवर असताना. माझी शिफ्ट बदलली की तिच्या फोनची वेळ बदलायची. बायको संध्याकाळी सांगायची, "आक्काचा फोन आलता." मी म्हणायचो, "काय म्हणत होती?" ती म्हणायची, "तुमच्याबद्दल काय न्हाय." दोन-तीन महिने मी स्वतःला बरोबर समजत होतो. आईचं मी केलं आणि तिनं नुसतं विचारलं, असा माझा हिशेब होता. पुढं पुढं तो मलाच पटेना. पण पटत नाही म्हणून लगेच फोन उचलील तो माणूस मी नव्हे.

मग श्रावण आला, आणि आता तोंड लपवायला जागा राहिली नाही.

आमच्या भागात दिवाळी सगळ्यांची असली तरी पंचमी लेकींची असते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ बहिणीला आणायला जातो. घरोघरी पाच-पाच तऱ्हेचे लाडू होतात: शेंगांचे, लाह्यांचे, तिळाचे, शेवेचे, आणि तांदूळ-डाळं भाजून दळलेल्या पिठाचे, म्हणजे तंबिटाचे. पूर्वी चिंचेला झोके बांधायचे. आता आमच्याकडची भातशेतं प्लॉट झाली, चिंचा गेल्या, तरी पोरी पोर्चच्या छताला ठोकलेल्या कडीला दोर बांधून झोका घेतातच. आणि आई गेल्यावरची पहिली पंचमी म्हणजे तर कसोटीच. त्या वर्षी लेकीला आणलं तर माहेर राहिलं. नाही आणलं, तर आईबरोबर माहेरही गेलं, असं आमच्याकडं सरळ समजतात. लोक नंतर विचारतसुद्धा नाहीत.

मी आठ दिवस आधी बायकोजवळ विषय काढला. म्हणालो, "यंदा तंबिटाचं लाडू करायला पायजेत. आक्काला."

बायको भाजी निवडत होती. ती चंदगडकडची. तिच्या माहेरी गणपती मोठा आणि पंचमी नुसती दूध-लाह्यांची. आमच्या घरचं पंचमीचं सगळं आईच बघायची, हिनं कधी त्यात हात घातला नव्हता. ती मान वर न करता म्हणाली, "करा की."

"मी?"

"बोलला कोण? तुमी. आन लाडू मी वळायचं व्हय? पीठ दळून आणून देतो, भांडी घासून देतो. वळायचं तुमचं तुमी."

तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं आहे. मग मी दुसरीकडून सुटका शोधली. शेजारी आमची चुलती राहते, भावकीत सगळ्यांत वडीलधारी. वर्षाच्या आत घरात गोडधोड करायचं नसतं असं ती सांगेल आणि माझी सुटका होईल, अशी मला आशा. चुलतीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तळण करायचं न्हाय रं वर्षाच्या आत. तेलाची कढई ठेवायची न्हाय. भाजलं तर काय बिघडत न्हाय. तंबिटाला तेल कुठं लागतंय? आन लेकीचं काय अडवू नये बघ." म्हणजे जो लाडू मला करायचा होता, नेमका त्यालाच परवानगी मिळाली.

तांदूळ धुऊन पंख्याखाली चादरीवर पसरले. बाहेर पाऊस, वाळतात कुठले! दोन दिवस आम्ही त्या चादरीला वळसा घालून घरात फिरत होतो. मग ते भाजले, डाळं मिसळलं, बायकोनं गिरणीतून दळून आणून दिलं. इथवर सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते गुळाच्या पाकाशी.

आई पाकाचा थेंब पाण्याच्या ताटलीत टाकायची, बोटानं गोळा करायची आणि "झाला" म्हणायची. कसा झाला, किती वेळात झाला, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी आपला घड्याळ लावून बसलो. गोळी मऊ वाटली म्हणून आणखी दोन मिनिटं ठेवला, तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, तो घेतला. परत येऊन पीठ ओतलं, भराभर दहा-बारा वळले आणि गार व्हायला ठेवले. संध्याकाळी एक हातातून निसटला तो फरशीवर टणकन आपटून पलंगाखाली गेला. त्याला साधा तडासुद्धा गेला नाही. बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "ह्ये कारखान्यात न्या," ती म्हणाली. "पास हुतील."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं. या वेळी पाक लवकर उतरवला आणि जमला. सुंठ, वेलदोडा, खोबऱ्याचा कीस घातला. आता वळताना हाताला चटके बसू लागले, पण थांबलो तर पीठ आवळतंय. बोटं लाल झाली, दोन ठिकाणी फोड आले. शिवाय माझी खोड मध्ये आलीच. एक लहान, एक मोठा मला बघवेना. म्हणून मी आमटीच्या छोट्या वाटीनं पीठ मापून घेतलं आणि प्रत्येक लाडू गोल फिरवून फिरवून असा केला की एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. पन्नास लाडू, पन्नासही सारखे. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. बायकोनं एक खाल्ला आणि म्हणाली, "चवीला आईच्यागत झाल्यात." मग जरा थांबून, "लई गोल झाल्यात."

माळ्यावर आईचा पितळी डबा होता. तो फक्त पंचमीला खाली यायचा. त्यात लाडू भरले जायचे, वर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला जायचा आणि निपाणीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात तो दिला जायचा, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. तो डबा मी चिंच लावून घासला, लाडू भरले, तसाच कपडा बांधला. मनात बेत असा की डबा पुढं करायचा, आक्काचं तोंड बघायचं आणि तोंड बरं दिसलं तर "चल" म्हणायचं. नाहीच दिसलं, तर लाडू द्यायला आलो होतो म्हणून परत यायचं. आज लिहिताना हा बेत किती भित्र्या माणसाचा होता ते मला दिसतं. तेव्हा तो मला शहाणपणाचा वाटला होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी रजा टाकून बेळगावच्या स्टँडवर निपाणीच्या बसमध्ये चढलो. आता सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, आणि त्यातून पंचमी. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या माहेरी निघालेल्या. कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" करून सगळ्यांना पुढं ढकलत होता. मी डबा छातीशी धरून दोन सीटांमध्ये उभा. हत्तरगी गेल्यावर खालच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईंना माझी दया आली असावी. "डबा द्या हिकडं, मांडीवर धरतो," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "बहिणीला आणायला चाललासा व्हय?"

"व्हय."

"मग डबा कुणाला?"

"तिलाच की."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.  मला वाटलं, विचित्रच आहे बाई.

निपाणीत उतरलं की तंबाखूचा वास आधी भेटतो. आक्काची गल्ली स्टँडपासून जवळच. दार उघडं होतं. आक्का सोप्यात खाली बसली होती, पण विड्यांचं सूप मांडीवर नव्हतं. इस्त्रीचं लुगडं, केसांत शेवंती, आणि दाराशी भरलेली बॅग. माझ्या मनात पहिला विचार आला तो रागाचाच. मी इतक्या लांबून आलो आणि ही कुठंतरी बाहेर निघालीय!

"आलास?" ती म्हणाली आणि उठलीच. तिच्या तोंडावर जे आलं होतं ते मी इतक्या महिन्यांत बघितलं नव्हतं. मी ते नीट बघायच्या आत, ठरवल्याप्रमाणं, डबा पुढं केला.

तिनं डब्याकडं बघितलं. हात पुढं केला नाही. मी डबा तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

खाटेवरून तिच्या सासूनं मान उचलून बघितलं. "डबा आला व्हय गं?" म्हातारी म्हणाली. "बरं झालं बाई. म्हंजे यंदा तुला जायाचं न्हाय."

"व्हय आत्ती," आक्का म्हणाली. "न्हाय जायाचं." दाराशी ठेवलेली बॅग तिनं उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मला काही कळेना. "कुठं निघालतीस?" मी विचारलं.

"कुठं न्हाय."

म्हातारीलाच राहवलं नाही. "आरं, सकाळपास्न बॅग भरून बसलीया. माझ्याजवळ ऱ्हायला शेजारच्या जावंला सांगून ठेवलंय दोन दिस. भाऊ न्यायला येणारच म्हणाली. आन तू डबा घिऊन आलास."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं लेकीला न्यायला जाणारा भाऊ रिकाम्या हातानं जातो. लाडू ती माहेरी येऊन खाणार असते, ते तिच्या घरी कशाला न्यायचे? डबा जातो तो त्या वर्षी न येणाऱ्या लेकीकडं. तिच्या बाळंतपणाच्या वर्षी गेला होता. तिचे सासरे गेले त्या वर्षी गेला होता. महापुरात रस्ते बंद झाले तेव्हा, रस्ता सुटल्यावर गेला होता. एरवी दरसाल आई मला नुसतं "जा, आक्काला घिऊन ये" म्हणून पाठवायची. डबा बांधताना मी बघितला होता, पण तो कोणत्या वर्षी बांधतात हे कधी बघितलं नव्हतं. आईच्या मागं पहिल्या पंचमीला, भांडलेल्या बहिणीच्या पुढ्यात मी स्वतःच्या हातानं आणून ठेवलं होतं ते एवढंच: तू येऊ नकोस.

"आक्का," मी म्हणालो, "मला ठाऊक न्हवतं. आईशप्पत ठाऊक न्हवतं. मी न्यायलाच आलोय."

"डबा घिऊन?"

"व्हय. चार दिवस झालं लाडवापायी राबतोय." आणि लहान पोरासारखे मी दोन्ही हात पुढं केले.

तिनं माझी बोटं धरून उजेडाकडं केली. फोड बघितले. "पाण्याचा हात लावला न्हाईस व्हय वळताना?"

"कोण सांगणार?"

"फोन करायचास." एवढंच बोलून तिनं हात सोडला. मी घाईघाईनं डब्याचा कपडा सोडला, एक लाडू काढला आणि तिच्यापुढं धरला. "खाऊन तरी बघ."

तिनं तो घेतला आणि तसाच डब्यात ठेवला. म्हातारी खाटेवरून म्हणाली, "ती काय खातीया आज? भावाचा उपास न्हाय व्हय तिचा!"

पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात, हे मला ठाऊक होतं म्हणावं तर होतं. पण सहा महिने माझ्याशी एक शब्द न बोललेली, भावकीसमोर मी जिला पाहुणी म्हटलं ती बाई, माझं बरं व्हावं म्हणून सकाळपासून उपाशी बसली होती. मला फार लाज वाटली. आजवर इतकी कधी वाटली नव्हती. तिथंच बोलायला हवं होतं. पण मी डब्याचा कपडा पुन्हा बांधत बसलो.

आक्का मात्र कामाला लागली होती. तिच्यापुढं पेच होता. उंबऱ्याच्या आत आलेला डबा परत नेता येत नाही, आणि भरलेला घरात ठेवला तर तिला जाता येत नाही. तिनं क्षणभर विचार केला, पदर खोचला, डबा कमरेवर घेतला आणि गल्लीत शिरली. दर घरात दोन-दोन लाडू. मी मागं मागं. एका दारातल्या बाईनं लाडू उजेडाला धरून, अगदी माझ्यासारखाच फिरवून बघितला. "कुठल्या दुकानातनं आणल्यासा? सगळं एका मापाचं हाईत."

"दुकानातलं न्हवं," आक्का म्हणाली. "माझ्या भावानं वळल्यात." तिचा आवाज जरा चढाच लागला होता. तो ऐकून मला पोटात कुठंतरी बरं वाटलं.

अर्ध्या तासात डबा रिकामा झाला. शेवटचा लाडू तिनं दुधात कुस्करून सासूला भरवला. म्हातारी चघळत म्हणाली, "जा बाई जा. पर परवा माघारी ये." मग आक्कानं डबा धुतला, पुसला आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, अगदी वर, नेऊन ठेवला.

"तो आईचा हाय," मी बोलून गेलो.

"म्हणून तर. हितं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी डबा पाठवायला तुझ्याकडं डबाच नगो."

 आईचं काहीतरी तिच्याकडं असायलाच हवं होतं. आईच्या साड्या वाटतानाही ती आमच्याकडं नव्हती, हेही मला तेव्हाच आठवलं.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली, मी उभा. मला वाटलं होतं, आता सगळं मिटलं. लाडू वाटले, हसणं झालं, बहीण माझ्याबरोबर निघाली, आणखी काय हवं? पण ती बोलेना. शेजारची बाई विचारेल त्याला उत्तर द्यायची आणि पुन्हा बाहेर बघायची. बाहेर उसाचे फड पावसात चिंब होते. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो, मोडत होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कामावर "चूक" म्हणून शेरा मारणाऱ्या माणसाला तोच शब्द स्वतःसाठी तोंडातून काढता येईना. भरल्या बसमध्ये कसं बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. बोललो होतो तेव्हा भरल्या अंगणातच बोललो होतो, हे काही मला सुचलं नाही.

पिरनवाडीत उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. बायकोनं दारात आक्काच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. हे काम आजवर आईचं. दोघींचे डोळे भरले.

आक्का आमच्या घरी यायची ती फाटकातूनच हाक मारत. सोप्यात कधी थांबायची नाही. थेट स्वयंपाकघरात, भांड्यांवरची झाकणं उचलून बघायची, आपल्या हातानं तांब्या घ्यायची, वर आईला "मीठ जास्त झालंय" म्हणून ऐकवायची. त्या दिवशी ती आत आली आणि सोप्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. बाहेरचं माणूस आलं की आम्ही जी पुढं करतो, ती खुर्ची. बॅग मांडीवर तशीच. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत तिनं माझ्या बायकोला विचारलं, "पाणी मिळंल काय गं?"

बायको जागीच थांबली. तिनं आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि हलली नाही.

मी आत गेलो. घागरीतून पाणी घेतलं. बाहेर येऊन आक्कापुढं उभा राहिलो आणि तांब्या पुढं करायच्या आधी बोललो. 

"माझं चुकलं, आक्का. आई काय बोलली मला म्हाईत न्हाय. मी नव्हतो तिथं. औषध आणायला गेलतो. कुणालाच सांगितलं न्हाय म्यां. तू इचारलीस आन मी तुझ्यावर ढकललं."

आक्कानं तांब्या माझ्या हातातून घेतला. दिवसभराची तहानलेली होती. सगळं पाणी एका दमात प्यायली, तोंड पुसलं.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच."

आणि बॅग माझ्या हातात देऊन ती उठली, पदर खोचला, स्वयंपाकघरात गेली आणि चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून बघितलं.